करंगळीवर उरलेली ओळ

प्रिय बोरू,

तुझ्या या म्हाताऱ्या दौतीचा नमस्कार घे. तुझे गुडघे कुरकुरत का होईना चालत असतील, वहिनी अजून रोज तुझ्यावर रागावत असतील आणि त्यामुळेच तुझी प्रकृती ठणठणीत असेल, असं धरून चालतो. माझी विचारू नकोस. न विचारताही सांगणारच आहे. (अक्षर वळणदार दिसतंय ते सूनबाईचं. मी सांगतो, ती लिहिते. मधेमधे तिला हसू येतंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.)

माझा उजवा हात आता माझा राहिला नाही. जाग येते तेव्हा पांघरुणात कुणीतरी परका पंजा विसरून गेलंय असं वाटतं. झटकला की मुंग्या. कप हातात आहे असं मी समजत असतो आणि तो फरशीवर असतो. जन्मभर दुकानात ती जड कात्री धरून कापड बेतलं, कविता गुणगुणत (मालक म्हणायचे, तुझ्या नादानं एखाद्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला चार बाह्या निघतील), त्याचं हे फळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटात एक अरुंद बोळ असतो, त्यातून जाणारी नस चेपली गेली आहे. तेवढ्यावर उठलो असतो तर बरं. पण मला नसत्या चौकशा. शेजारशेजारची बोटं वेगळी का कळत नाहीत, असं विचारून बसलो. तर म्हणाल्या, मेंदूत एकेका बोटाची वेगळी जागा असते, ओळीनं खोल्या असाव्यात तशी. खालून नस असे घोटाळ्याचे निरोप पाठवत राहिली, की मधल्या भिंती पुसट होत जातात. तर्जनीचं बिऱ्हाड मधल्या बोटाच्या खोलीत शिरतं.

बोरू, हे ऐकून मी तिथेच बोटं मोजायला लागलो. शाळेत आपल्याला बोरू-दौत म्हणणाऱ्या मास्तरांनी कविता कशा पाठ करून घेतल्या, आठव. अंगठा तर्जनीला टेकवला की पहिली ओळ, मधल्या बोटाला दुसरी, अनामिकेला तिसरी, करंगळीला चौथी. तू तिसऱ्या ओळीनंतर खिडकीबाहेर बघायचास आणि मी चौथी तुझ्या कानात सांगायचो. माझं सगळं धन त्या बोटांवर ठेवलेलं आहे, दुसरीकडे कुठे नाही. आता ही नस कोणाची? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची फक्त अर्धी बाजू. करंगळीची नस वेगळ्याच वाटेनं जाते, ती शाबूत. म्हणजे हिशेब उघड आहे. पहिल्या दोन ओळी गेल्या, तिसरी अर्धी उरली, चौथी लख्ख.

खोटं वाटतं? नातीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं, तिनं वर्गभर सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा कविता म्हणतात. मंचावर उभा राहिलो, अंगठा तर्जनीला टेकवला. काही कळलंच नाही. मधल्या बोटाला टेकवला, तर तो कोणत्या बोटाला लागला तेही कळेना. शेवटी करंगळी गाठली आणि चौथी ओळ ठणकावून म्हटली. पुन्हा सुरुवात, पुन्हा चौथीच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कविता तेवढीच आहे. घरी येताना नात म्हणाली, "आजोबा, छान होती, पण लवकर संपली." तेव्हापासून मी कविता म्हणणंच सोडलंय.

डॉक्टरीणबाई म्हणतात, "आजोबा, कविता बोटांत नसतात हो." त्यांना काय ठाऊक, त्या मास्तरांच्या हाताखाली शिकल्या नाहीत. दाब काढला की भिंती बऱ्याच अंशी पुन्हा उभ्या राहू शकतात, असंही म्हणाल्या. पण त्या खोल्यांत राहणारे परत येतील का, असं विचारलं, तर त्यांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दौत

ता. क. सोमवारी सकाळी ऑपरेशन. फक्त हात बधिर करणार, मी जागा असणार. जवळ एकाला बसू देतात. मुलगा तयार आहे, पण त्याला एकही कविता येत नाही. तू ये. पहिल्या तीन ओळी तू म्हण, चौथी माझ्याकडे आहे.

ता. क. (सूनबाईकडून) काका, बाबा चहाला उठलेत तेवढ्यात लिहिते. परवा दुपारी आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला आणि झोपेत त्यांनी अख्खी कविता म्हटली, चारी ओळी, हात गालाखाली चेपलेला. मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ऑपरेशनला नाही म्हणतील, आणि तुम्हाला बोलवायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही. तुम्ही पहिल्या तीन ओळी पाठ करून या.