सासऱ्यांच्या राईस मिलचं नवं आर्किटेक्चर

२६ ऑक्टोबर, रविवार
पुण्याची नोकरी सोडली! आता गोंदियातच राहणार, सासऱ्यांच्या राईस मिलचा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणून. तिथं गेटवरचं टोकन आणि काट्यावरचं वजन एकाच जुन्या प्रोग्रॅममध्ये कोंबलंय. सहा वर्षं बिघडला नाही, म्हणजे आतून सडलेला असणारच.

सासरे हिरालालजी म्हणाले, "जावईबापू, बेस चालून राहिलं ना! कायले हात लावता?" माणूस भला. पण ह्युरिस्टिक्स ऐकलेले नाहीत.

२७ ऑक्टोबर
ह्युरिस्टिक म्हणजे जाणत्यांचा ठोकताळा. पहिला: मोठ्याचे छोटे तुकडे करा. केले! गेट वेगळं, काटा वेगळा. आनंदात दोनदा पोहे.

२९ ऑक्टोबर
दुसरा: कोणत्याच भागानं दुसऱ्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. वा! आता वजन झाल्याशिवाय गेट उघडणार नाही. गाडी गेटातून आल्याशिवाय काटा तोलणार नाही. बायकोला समजावलं. दामिनी म्हणाली, "पण काटा तं गेटाच्या आत आहे." बारकाव्यातच अडकते बिचारी.
उद्या नक्की टेस्टिंग.

३० ऑक्टोबर
टेस्टिंग राहिलं. नाव ठरवण्यात दिवस गेला. 'धानसम्राट'! जुना प्रोग्रॅम डिलीट. परतीचे दोर कापले.

१ नोव्हेंबर
सकाळी ७. नारळ फोडला. पहिला ट्रॅक्टर बकारामजींचा. आज त्यांच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा; धान मोजून लवकर निघायचंय. निघतीलच!

९. गेट वजन मागतंय, काटा गेटाची नोंद मागतोय. दोघंही ठाम. ठोकताळा शंभर टक्के यशस्वी. रांग रोडपर्यंत. बकारामजी ओरडले, "आता का ट्रॅक्टर डोक्यावर घेऊन तोलू?" मागून कोणी, "भैया, मंडई निकल जाएगी!"

दुपारी १. सिस्टीमवरचा लोड एकदम कमी झाला. उत्तम.

१.३०. लोड का कमी झाला ते कळलं. सगळे पलीकडच्या मिलमध्ये गेले.

रात्री. तरी दिवसभरात एकही वजन चुकलं नाही.

२ नोव्हेंबर
सासरे एक शब्दही रागावले नाहीत. दूरदृष्टी पटलेली दिसते.

४ नोव्हेंबर
सासऱ्यांनी स्वतः स्टेशनवर जाऊन माझं पुण्याचं तिकीट आणलं. एकच. दामिनीला विचारायला मिलवर गेलो. ती गेटावर हातानं टोकन देत होती, ट्रॅक्टर भराभर आत जात होते. "हंगामभर मी इथंच," म्हणाली. "तुम्ही पोचल्यावर फोन करजा."

फार वाईट वाटलं. तसाच गेटात उभा राहिलो. मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. बाजूला झालो.