माझ्यावर ओरडणारं घर

१७ एप्रिल १९९६, बुधवार

कुलुपं पाहून संघप्रिया जी हसायला लागली ती थांबेचना! मला आधी कळेचना काय झालं. कपाटाला चार कप्पे, चार कुलुपं, प्रत्येकाची किल्ली वेगळी. फ्रिजमध्येही पट्ट्या चिकटवल्या होत्या — वरचा कप्पा तिचा, मधला प्रबुद्धचा, खालचा जागृतीचा, दारातली जागा माझी. नावं मार्करने, झकास अक्षरात. महिनाभर खपलो होतो.

"अहो, नवराबायकोत कुलूप कायले?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा पोट धरून खाली बसली.

आता काय सांगू! नऊ वर्षं इथे आखातात, कंपनीच्या कॅम्पमध्ये, एका खोलीत आठ जण. कपाटाला कुलूप नसेल तर तिथे साबणही टिकत नाही. फ्रिजमध्ये नाव न लिहिलेलं अंडं म्हणजे सगळ्यांचं अंडं. घर लावायचं म्हणजे असंच लावतात, हे डोक्यात बसलेलं. काल विमानतळावरून तिघांना अदलियाच्या या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं — दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा, पोरांची उन्हाळ्याची सुट्टी — आणि पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली.

पट्ट्या काढायला घेतल्या. जागृती म्हणाली, माझी राहू द्या. सहा वर्षांची आहे, पण फ्रिजमध्ये स्वतःची जागा म्हणजे काय ते तिला बरोबर कळलं.

१८ एप्रिल

दाराशी चार जोड चपला. उगाच दोनदा दार उघडून पाहून आलो.

२० एप्रिल, शनिवार

आज चुकलंच माझं. ड्यूटीवरून आलो, ताट घेतलं, जेवलो, ताट-वाटी घासून पालथी घातली, टीव्हीसमोर बसलो. पाच मिनिटांत सगळं! कॅम्पमध्ये असंच चालतं, पुढच्या शिफ्टवाला मागे उभा असतो.

वळून बघतो तर ती तिघं ताटं वाढून बसलेली. माझ्यासाठी थांबलेली.

"मी काय मेसवाली आहे?" संघप्रिया म्हणाली. ओरडली नाही. हळूच म्हणाली — तेच लागलं. पुन्हा बसलो, पुन्हा जेवलो. पोट फुटायची वेळ आली पण उठलो नाही.

लग्नाला बारा वर्षं झाली. त्यातली तीनच सोबत. बाकी दर दोन वर्षांनी चाळीस दिवस. चाळीस दिवसांत सण, पाहुणे, कोंबडी, लग्नं. मंगळवारी संध्याकाळी घरात काय चालतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

२४ एप्रिल, बुधवार

प्रबुद्ध फार शहाणा वागतो. मी खोलीत आलो की उभा राहतो. "बाबा, पाणी देऊ?" "बाबा, पंखा लावू?" अकरा वर्षांचा पोरगा. मला वाटलं, वा, काय संस्कार!

आज जागृती खुर्चीवरून उडी मारत होती, तर तो तिला दाबून म्हणाला, "नको करू, बाबांना त्रास होते. थोड्याच दिवसांसाठी आहेत ते."

नंतर संघप्रियाला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "सुट्टीवर येता तेव्हा मीच सांगत असते पोरायले. बाबा थोडेच दिवस आले, त्यायले त्रास नका देऊ."

म्हणजे मी पाहुणा. पोरांना तोंडपाठ करून घेतलेला पाहुणा! इथे माझ्याच घरात ती दोघं माझं आदरातिथ्य करत आहेत.

बस्स. ठरवलं. दोन महिन्यांत या पोरांनी मला त्रास द्यायला शिकलं पाहिजे. एकदा तरी.

२५ एप्रिल

ऑफिसात सुरैयाकडे फॅमिली स्टेटसचा अर्ज दिला. मिळालं तर तिघांचा रेसिडेन्स व्हिसा होतो, इथेच राहतील, शाळा इथे. माझा करार जुलैअखेर संपतो, नवा करताना जमू शकतं म्हणे. सुरैया इथलीच, स्वभावाने चांगली. फाइलवर हात ठेवून म्हणाली — इंशाल्ला.

नऊ वर्षांत या इंशाल्लाचा अर्थ मला कधी आधी कळला नाही. नंतरच कळतो.

३ मे, शुक्रवार

बुद्ध पौर्णिमा. सुट्टीचाच वार आला!

टीव्हीचं टेबल रिकामं करून पांढरी चादर घातली. बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. चौघं पांढऱ्या कपड्यांत. संघप्रियाने खीर केली. कॅम्पमधून गुंडूला बोलावलं — माझ्या बाजूच्या पलंगावरचा, गडहिंग्लजकडचा, पिकअप चालवतो. तो मागे हात जोडून गप बसला.

कॅम्पमध्ये मी वंदना पुटपुटतो. बाजूचा झोपलेला असतो, कोणाला त्रास नको. आज प्रबुद्धने त्रिसरण सुरू केलं आणि मी सवयीने पुटपुटलो. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "बाबा, मोठ्याने."

मोठ्याने म्हटलं. चार आवाज! जागृती प्रत्येक ओळीला अर्धा शब्द मागे. अंगावर काटा आला. ही चार माणसं माझी, हे मला कोणी दिलं? कसं दिलं? नऊ वर्षं मी हे सोडून कुठे होतो?

गुंडूने तीन वाट्या खीर खाल्ली.

९ मे, गुरुवार

ओरडली!!

ओला टॉवेल पलंगावर टाकला होता. मीच. स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन आली — "कितीदा सांगू? चादर ओली होते न! तुमच्या कॅम्पात चालत असंल हे, इथे नाही चालणार! लहान आहे का तुम्ही? पोरगी बरी तुमच्यापेक्षा!" असं बरंच. चांगली तीन-चार मिनिटं. शेजारच्यांनी ऐकलं असेल.

बारा वर्षांत पहिल्यांदा! सुट्टीवर गेलो की हीच बाई टॉवेल हातात आणून द्यायची.

मी टॉवेल उचलून वाळत घातला आणि गॅलरीत उभा राहून एकटाच हसत राहिलो. आनंद म्हणजे किती आनंद! कामावर लतीफ फोरमनलाही सांगितलं — आज घरवाली बहुत चिल्लाई! तो म्हणाला, प्रज्योत, तेरी तबियत तो ठीक है ना?

१४ मे, मंगळवार

जागृतीची माझ्याशी कट्टी. कारण मी सापशिडीत तिला हरवलं. करंगळी दाखवून तोंड फिरवून बसली. दोन तास!

आणि प्रबुद्धने थाप मारली. एसीचं बटण तुटलेलं, मी विचारलं कोणी तोडलं, तर माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आधीपासूनच होतं." आधीपासून! मी स्वतः बसवलंय ते बटण. एसी मेकॅनिकला एसीची थाप मारतो, लेकाचा!

रागावलो. खोटं बोलू नये वगैरे सगळं बोललो. पण आतून काय वाटत होतं ते इथेच लिहितो. पाहुण्याला कोणी थाप मारत नाही.

२४ मे, शुक्रवार

दुपार. बाहेर ऊन असं की रस्त्यावर मांजरही नाही. तिघं जेवून जमिनीवर आडवी झाली आहेत. संघप्रियाच्या हातात अर्धी निवडलेली मेथी तशीच. जागृतीचा पाय प्रबुद्धच्या पोटावर. मी भिंतीला टेकून हे लिहितोय.

आत्ताच एसीचा फिल्टर काढून धुतला, परत बसवला. नऊ वर्षं लोकांच्या घरातले एसी करत आलो. बुदैयाकडच्या बंगल्यांत जातो. शिडीवर चढलो की खाली त्यांचं घर चालू असतं — कोणाची आई हाका मारतेय, कोणाचा गृहपाठ, कोणाचं भांडण. पोरं माझ्या पान्यांवरून उड्या मारत जातात. मी थंड हवा लावून देतो आणि बूट घालून निघतो. आज पहिल्यांदा ज्यांच्यासाठी लावली ती माझी माणसं आहेत.

फार मोठं काही झालं नाही आज. मेथी, वरण, भात. तरी असं वाटतंय की याहून मोठं काही असूच शकत नाही. छाती भरून आलीय. कोणाचे आभार मानायचे? मेथीचे मानतो.

२ जून

सुरैयाला विचारलं. इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात.

१० जून, सोमवार

नाही.

फॅमिली स्टेटस फक्त सुपरवायझर ग्रेडच्या वर. सुरैयाने कागद दाखवला, "सॉरी, प्रज्योत," म्हणाली. खरंच वाईट वाटलं तिला. मग दुसरा कागद दिला — माझा नवा करार. दोन वर्षं. शनिवारपर्यंत सही करून आणायचा.

घरी सांगितलं. संघप्रिया म्हणाली, "बरं." आणि पोळ्या करत राहिली. आजच्या पोळ्या सगळ्या करपल्या. सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

११ जून, मंगळवार

ब्यागा भरतोय. ती एक शब्द बोलेना. शेवटी मीच म्हटलं, बोल काहीतरी.

"मी तुम्हाले या म्हणणार नाही. अन् राहा पण म्हणणार नाही. पत्रे जाऊन स्लॅब आला तो या नोकरीनंच, मले माहीत आहे. उद्या अकोल्यात काम नाही मिळालं तं माझ्या नावानं बोटं मोडाल. तुमचं तुम्ही ठरवा." आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. एकच साडी चार वेळा.

दोन वर्षं. प्रबुद्ध तेरा. जागृती आठ.

१२ जून, बुधवार

गुंडू सामान बांधायला दोरी घेऊन आला. बाहेर गॅलरीत बिडी पेटवली. मी त्याला कराराचं सांगितलं, म्हटलं, एकदाच अजून, मग खलास.

"मर्दा, मी बी दोन वर्सांसाठीच आल्तो," तो म्हणाला. "चौदा झाली. लेकीचं लगीन व्हिडिओ कॅसेटीवर बघितलं. विशाखा माझी. आक्षता पडताना कॅसेट आडाकली, तर म्याच उठून मशीनवर थाप मारली. परत चालू झाली तवर लगीन लागलं हुतं."

मग त्याने बिडी विझवली. ब्यागेला गाठी अशा मारल्या की सुरीनेच सुटतील.

१३ जून, गुरुवार

गेले.

विमानतळावर जागृती माझ्या गळ्यातून निघेना. ते कसंतरी सहन केलं. पण प्रबुद्ध! महिनाभर थापा मारणारा, माझी चप्पल घालून हिंडणारा, काल रात्री आंब्यावरून माझ्याशी भांडलेला पोरगा — आत जायच्या दाराशी सरळ उभा राहिला. शर्ट खोचला. म्हणाला, "बाबा, तुम्ही काळजी घ्या. आमची चिंता करू नका."

पुन्हा पाहुणा केला त्याने मला. एका मिनिटात. त्याचा दोष नाही, त्याला माहीत आहे कसं करायचं ते.

संघप्रियाने मागे वळून पाहिलं नाही. मी गाड्यांच्या मागे जाऊन रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

१५ जून, शनिवार

करार खिशात. पेनही खिशात. सुरैयाच्या टेबलासमोर उभा आहे असं वाटतंय, पण अजून बसमध्येच बसलोय.

१८ ऑगस्ट, रविवार. अकोला

नळ चार दिवसांनी आले. जागृती आणि मी भांडी घेऊन गल्लीत रांगेत. पुढे केशवराव, आमचे शेजारी. मला पाहून नेहमीचं विचारलं — "अरे वा, कधी आले? परत कधी जाता?"

मी तोंड उघडायच्या आत जागृती म्हणाली, "कुठी जातेत? हे इथंच राह्यतेत." आणि मला म्हणाली, "बाबा, सरका न पुढे, आपला नंबर गेला."