मुहर्रकमधला उपास

सनाबिस, बहारीन
२९ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कास,
स्मिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. जयेशच्या ऑफिसातला रुपेश उद्या साताऱ्याला निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि खजूर देतेय.

काल शुक्रवारी आमिनाला भेटायला मुहर्रकला गेले होते. ज्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, तिथली मालकीण. आपला जयेश तिच्याच मांडीवर वाढला. शेजारची आतिकाही खास आली होती. गल्ली तीच, विमानं तशीच डोक्यावरून जातात, फक्त आम्ही तिघी जाड झालोय. एकमेकींच्या गळ्यात पडून आधी मनसोक्त रडून घेतलं.

हौसेनं विहीणबाईंनाही बरोबर नेलं, आणि तिथंच माशी शिंकली. निधीचं स्थळ आलं तेव्हा आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही, असं मी त्यांना ठोकून दिलं होतं. आणि आमिनानं केला होता माझ्या आवडीचा हमूर माशाचा भात! तिनं कौतुकानं झाकण उघडलं. आता ही सगळं सांगणार म्हणून माझी पाचावर धारण बसली. तोंडातून निघूनच गेलं, की आज आमची संकष्टी, चंद्र उगवेपर्यंत आम्ही दोघी जेवणार नाही.

आमिनानं झाकण परत ठेवलं. विहीणबाईंसाठी तिनं नवं पातेलं आणून भाजीचा भात वेगळा केला होता, हे तिनं मला कानात सांगितलं. तोही झाकला. पाहुण्या उपाशी असताना आपण कसं जेवायचं, म्हणून ती आणि आतिका संध्याकाळपर्यंत तशाच बसल्या. नातवंडांना मागच्या खोलीत वाढलं. आम्हाला दूध-खजूर दिलं, ते मी मेलीनं खाल्लं!

गाडीत विहीणबाईंनी माझा हात दाबला आणि आभार मानले. त्यांना वाटलं, मुसलमानाच्या घरचं जेवण टाळायला मी त्यांच्यासाठीच थाप मारली. आणि आक्का, मी ते आभार गपगुमान घेतले. शरमेनं रात्रभर डोळा लागला नाही. काय करू, कळव. रागाव, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
स्मिता


सातारा
५ डिसेंबर २०२५

चि. सौ. स्मितास अनेक उ. आशीर्वाद.

खजूर पोचले. पत्र वाचून कपाळाला हात लावला. साठी उलटली तरी तुझी थापा मारायची खोड काही जात नाही. बरं, मारायची तर धड तरी मारावी! मी कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. अष्टमीचा चंद्र भरदुपारीच वर येतो. आणि अगं वेडे, त्यांचे महिनेही चंद्रावरच चालतात. शिवाय पूर्वी तूच लिहायचीस, की संकष्टीला मी स्वैपाकात असले की आमिना गच्चीवरून चंद्र बघून मला हाक मारते. तिला कळलं नसेल? सगळं कळलं असणार. कळूनही ती बाई उपाशी राहिली.

आता टिपं गाळत बसू नको. तिच्याकडे जा. पण त्याआधी विहीणबाईंना खरं सांग. मासळीचंही सांगून टाक. नातू झाला, आता काय स्थळ मोडणार आहे?

जयेश-निधीला आशीर्वाद, बाळाचा पापा. मी बोलले ते मनाला लावून घे, पण माझी माया आहे हेही विसरू नको.

आक्का


सनाबिस
१३ डिसेंबर २०२५

ती. आक्कास शि. सा. न.

विहीणबाईंना सांगितलं. मासळीचं ऐकून त्या हसल्या. निधीनं लग्नानंतर महिन्याभरातच त्यांना सांगितलं होतं म्हणे! म्हणजे मी फुकटच जिवाचा आटापिटा केला. पण नव्या पातेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. उठून आत गेल्या.

काल एकटीच मुहर्रकला गेले. आमिनाला जिन्यातच सगळं सांगून मोकळी झाले. तू म्हणालीस तसंच होतं. दुपारच्या नमाजानंतर ती गच्चीवर कपडे काढायला गेली, तर समोर चंद्र. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तिला वाटलं की विहिणीसमोर मला तिची लाज वाटते. म्हणून तिनं आतिकालाही कळू दिलं नाही.

मी परोपरीनं सांगितलं, की मला माझ्या थापेची लाज होती, तुझी नव्हती. ती आपली खलास, खलास, झालं ते झालं, म्हणत मान हलवत राहिली. पण आक्का, तुझ्यापासून काय लपवू, बोलता बोलता माझं मलाच पटेना.

निघाले तेव्हा दारापर्यंत आली, हात हातात घेतला, पण जेवून जा म्हणाली नाही. मला पुन्हा खोटं बोलायची वेळ येऊ नये, म्हणूनच असेल. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. लाज गुंडाळून ठेवली आणि मला भूक लागलीय असं सांगितलं. तिनं उरलेला भात गरम करून वाढला. तो संपवला, आणि आणखी मागितला. तेव्हा कुठं ती आपली ताटली घेऊन माझ्यासमोर बसली.

तुझ्या रागालोभाची सदैव भुकेली,
स्मिता