लता सिस्टरचे उघडे डोळे

आमगाव, मंगळवार संध्याकाळ

आज स्वतःचाच राग येतोय. रुग्णांना ध्यान कसं शिकवायचं, हे मी दवाखान्यातल्या नर्सना शिकवत होते. सगळ्यांनी डोळे मिटले, एकट्या लता सिस्टरनी नाही. मी दोनदा टोकलं.

त्या म्हणाल्या, "मॅडम, पहाटे माझ्या हातात लेकरू गेलं. डोळे मिटले का तेच दिसून राहिलं."

आणि मी काय बोलले? "विचार येऊ द्या, श्वासाकडे लक्ष द्या." कागदावर छापलेलं तेच! त्यांचे ते उघडे डोळे... वर्ग थांबवून जवळ का नाही बसले मी? पाचच्या आत संपवायचं होतं म्हणून?

जाताना त्यांनी विचारलं, "हे मी पेशंटले कशी शिकवू?"

तरी त्यांच्या नावापुढे मी 'प्रशिक्षित' असं लिहून दिलं.