रोद्या न बसता निघाला

श्चोल्कोवो,
ईस्टरआधीच्या उपासाचा चौथा आठवडा

ती. कापाताईस धाकट्या झिनाचा वाकून नमस्कार. देवमातेच्या कृपेनं इथं सगळे धडधाकट आहेत. तुझ्या खारवलेल्या अळंब्यांची बरणी रिकामी करून, धुऊन परत पाठवतेय. सोबत हे पत्र. दोन्ही शेजारच्या ल्युस्याच्या हाती देतेय, टपालाचा भरवसा नाही. (कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, राग मानू नकोस, मागची बाजू कोरी होती.)

तुझा भाचा रोद्या वर अंतराळस्थानकात गेला त्याला आज एकशे बारा दिवस झाले. निघताना त्याला काचेपलीकडे ठेवलं होतं, आमचे जंतू लागू नयेत म्हणून. मी इकडून हातवारे करून सांगतेय, अरे, आपल्या रीतीप्रमाणे निघण्याआधी मिनिटभर खाली गप्प बस, नाहीतर प्रवासात विघ्नं येतात! त्याला वाटलं, आई टाटा करतेय. त्यानंही केला आणि न बसता गेला. पुढचं सगळं माझ्या वहीत तारखेनिशी आहे. दुसऱ्या दिवशी चमचा हरवला, नवव्या दिवशी शौचालय बिघडलं, साठाव्या दिवशी मुक्काम दोन महिन्यांनी वाढला. आणि आता येत्या मंगळवारी हा दार उघडून स्थानकाच्या बाहेर जाणार, दुरुस्तीला, एका दोरीच्या भरवशावर! मला घास गिळवत नाही.

रविवारी अंतराळ नियंत्रण केंद्रात पडद्यावर त्याच्याशी बोलायची आमची पाळी होती. (आधी उपासाचं विचारलं. म्हणतो, "आई, इथं दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, माझे चाळीस दिवस तिसऱ्याच दिवशी संपले." हिशेब बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.)

"रोद्या, बस."

"आई, इथं बसता येत नाही गं. सगळे तरंगतात."

"शौचालयात पट्टे आहेत म्हणाला होतास ना?"

"तिथं बसून देवाचं नाव घेऊ?"

तेवढ्यात मागून ती अमेरिकन मार्सी म्हणाली, "मावशी, आमच्या परतीच्या यानात खुर्च्या आहेत की!" गुणाची पोर. रोद्या, ती आणि जपानी केंजी, तिघंही यानात जाऊन पट्टे आवळून गप्प बसले. मीही इकडे डोळे मिटले.

वीस सेकंद झाली नसतील तर केंद्रात हाहाकार! न सांगता तिघं परतीच्या यानात बसतात ते स्थानकाला आग लागली तरच, हे मला कोणी सांगितलं होतं? साहेब ओरडले, "काय झालं? कुठं निघालात?"

"कुठं नाही, आईनं बसवलंय," रोद्या म्हणाला.

बोलला गं! मौन मोडलं, म्हणजे बसणं वाया. (पाद्री अवेर्की म्हणतात ही अंधश्रद्धा. पण गावाला निघताना तेही बसतात, मी पाहिलंय.)

तुझी,
झिना

ता. क. मला महिनाभर केंद्रात येऊ देणार नाहीत. त्याच्याशी बोलायला येणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत माझ्याखाली तुझं नाव आहे. सोमवारी तो पुन्हा बोलणार आहे, तू सकाळच्या गाडीनं ये आणि त्याला पुरतं एक मिनिट बसव. तू गणिताची बाई, असल्या गोष्टींना हसणारी. तुझा कोणाला संशय येणार नाही.

ता. क. २ पाकीट चिकटवण्याआधी मी मिनिटभर बसले, तेव्हा आठवलं, तुझ्या गुडघ्याची चौकशी राहिलीच. कसा आहे? केंद्रात तीन जिने आहेत.