उतारापूर्वीची लाल पिन

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसते हुंकार भरता आणि फोन ठेवला की विसरता, म्हणून लिहून पाठवते. आई म्हणाली, की बंद पडलेली जुनी जीप दोरीने आपल्या गाडीमागे बांधून डोंगर उतरवायचा बेत आहे आणि जीपच्या स्टिअरिंगवर ती रंगवणारे पेंटरकाका बसणार आहेत. बाबा, जीपच्या ब्रेकमध्ये तेल नाही. दोरी ओढते, थांबवत नाही. उतारावर तुम्ही ब्रेक मारलात की अकराशे किलोची जीप पेंटरकाकांसकट तुमच्या डिकीत येईल. शेजारच्या सीटवर आई असेल, हेही लक्षात घ्या.

दिवसभर मी परक्यांच्या गाड्यांचे ब्रेक तपासते. घरच्या माणसाला हे पत्राने समजवावं लागतं, याचा वैताग येतो.

तब्येत सांभाळा.
आपली,
मुलगी

दि. ९ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, तेही पेंटरसमोर. तो चहा अर्धा टाकून गेला. तेव्हा दोरी रद्द. झालं समाधान? आता वीटभट्टीवाल्याचा ट्रेलर मिळतोय. ब्रेक नाहीत, पण टायर कोरे आहेत.

जमीन मोजणीच्या नोकरीत मी आणि माझ्या जोडीदाराने ही जीप बावीस वर्षं ओढ्यानाल्यांतून काढली. तो उताराच्या पायथ्याशी राहतो. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांत त्याची नजर पूर्ण जाईल. त्याला जीप एकदा डोळ्यांनी बघायची आहे. तू हिशेब मांडत बसलीस तर त्याला ती नुसती चाचपावी लागेल.

रागावू नकोस. जेवत जा.
तुझे,
बाबा

दि. १३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

टायर कोरे आहेत म्हणजे घरंगळायला उत्तम. जीप अकराशे किलो, ट्रेलर चारशे. नऊशे किलोच्या आपल्या गाडीने दीड हजार किलोंना नऊ किलोमीटर उतारावर आवरायचं. हा हिशेब मी मांडत बसले नाही, अर्ध्या मिनिटात झाला.

तुमच्या जोडीदारकाकांच्या डोळ्यांचं आधी सांगायचं होतंत. रविवारी मी आमच्या वर्कशॉपचा पिकअप आणि ब्रेकवाला ट्रेलर घेऊन येते. पुढची गाडी हळू झाली की हा ट्रेलर तिला ढकलतो, आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. उलटा घेताना मात्र ते नको तिथे लागतात. म्हणून त्या वेळेपुरती एक लाल पिन घालून ब्रेक बंद ठेवायचे आणि मग पिन काढायची. एवढंच तंत्र आहे. वीटभट्टीवाल्यांना माझा नमस्कार आणि नकार कळवा.

आपली,
मुलगी

दि. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी फाटकातून ट्रेलर उलटा आत घेत होते, तेव्हा तुम्ही चार वेळा सांगितलंत की तुम्ही एका दमात घेतला असता. मग जीप ट्रेलरवर मागे सरकवून बांधायचा हट्ट केलात, कारण पुढे घेतली की ती रुबाबदार दिसत नव्हती. मागे वजन गेलं की ट्रेलर डोलतो, हे मी तीनदा सांगितलं. पिकअप आणि ट्रेलर तुमच्याकडे सोडून चहा न घेता एसटीने निघाले त्याचं वाईट वाटतं, पण जीप पुढेच बांधली गेली याचं वाटत नाही.

सोबत यादी आहे. जीपचे चारही पट्टे ओढून बघायचे, ट्रेलरची साखळी पिकअपला अडकवायची, मागचे दिवे बघायचे आणि उतार लागण्याआधी सपाट रस्त्यावर वीसच्या वेगाने एकदा ब्रेक मारून बघायचा. ट्रेलर मी स्वतः तपासला आहे. त्याच्या कुठल्याही भागाला हात लावू नका.

आपली,
मुलगी

दि. २४ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पोचलो. आठवडाभर इथेच जोडीदाराकडे मुक्काम आहे. जोडीदाराने जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि डाव्या बाजूचा रंग चुकला म्हणून मला सुनावलं. अजून तेवढं दिसतंय.

आता दुसरं. दिवे बघून झाल्यावर मी सरळ उताराला लागणार होतो, कारण तू तपासलंस म्हणजे प्रश्नच नव्हता. पण यादी आईच्या मांडीवर होती. शेवटची ओळ राहिली म्हणून तिने गाडी पुढे जाऊ दिली नाही. वीसच्या वेगाने ब्रेक मारला, तर मागून असा धक्का बसला की आईचा चष्मा डॅशबोर्डवर. खाली उतरून बघितलं. लाल पिन आतच होती. तू फाटकातून उलटा घेतलास, तेव्हापासून.

तू हात लावू नका म्हणालीस, तरी मी पिन काढली. मग पुन्हा ब्रेक मारून बघितला. गाडी मऊसूत थांबली. तुझी आज्ञा मोडली, माफी असावी. आईला मी सांगितलं की ती पिन उतारापर्यंत घालूनच ठेवायची असते. तिचा विश्वास बसलेला नाही.

तुझे,
बाबा

दि. २८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी वर्कशॉपमध्ये उभ्यानेच वाचलं. त्यानंतर दोन दिवस मी कोणाच्याही गाडीवर 'तपासले' अशी सही केलेली नाही. साहेबांनी कारण विचारलं. घरचं काम आहे, असं सांगितलं.

पिन मीच विसरले. तुम्ही मला चिडवलंत म्हणून नव्हे. मी चिडले म्हणून. आईला खरं काय ते सांगा, किंवा हे पत्र तिलाच वाचू द्या.

परतताना चढ आहे, पण यादी तीच. आधी पिन बघा, मग बाकीचं. आणि वाचायला आईच.

तुम्ही परतलात की रविवारी घरी येते. चहा घेईन. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमची,
फूटपट्टी