खारी मूठ

२ नोव्हें., रविवार
आज सर्व मृतांचा दिवस. तिकडे बेलापुरात चर्चमागे सगळ्या कबरींवर फुलं, मेणबत्त्या. अण्णांवर अजून नुसता मातीचा ढीग. वडील जाऊन अडीच महिने झाले आणि मी इथे, इंग्लंडातल्या या समुद्रकाठच्या गावातल्या वृद्धाश्रमात, परक्या म्हाताऱ्यांना भरवतेय. व्हिसाचे कागद अडकले होते म्हणून मातीला गेले नाही. कागद सप्टेंबरातच आले. हे फक्त इथे लिहिते.
दोनला ड्यूटी सुटली. किनाऱ्यावर अण्णा परत दिसले. पाठमोरे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्यावर फावडं. जवळ गेले तर कुत्रं फिरवणारा गोरा. ही चौथी वेळ.

४ नोव्हें.
सुनीलदादाचा फोन. भाऊ असूनही हल्ली साहेबासारखा बोलतो.
"गवंडी सांगून ठेवलाय. पण आई म्हनती, मोनानं माती दिल्याबिगर कबर बांधायची न्हाई. परवाच्या पावसात निम्मी खचली. येतीस का न्हाई, येवढं सांग."
घरच्या प्रत्येकाने मूठभर माती टाकायची. पोटच्या पोरीची मूठ राहिली तर कबर भरली असं आई मानत नाही. म्हटलं, रजा बघते. रजा आहे. अठरा दिवस पडून आहे.

६ नोव्हें.
सुचलं! कोपरगावची वैशाली शनिवारी घरी निघालीय. तिच्याबरोबर माझी मूठ पाठवायची. इथली माती म्हणजे वाळूच. किनाऱ्यावर मी रोज उभी राहते तिथलीच घेतली, मुठीत दाबली, पिशवीत भरली. साप मरेल, काठीही तुटणार नाही. दिवसभर स्वतःवर खूश.

१३ नोव्हें.
पिशवी पोचली. आईने व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर बोट लावून चाखली.
"मोने, ही खारी हाय."
"समुद्राची आहे ना गं."
"खारी माती बापावर टाकू व्हय? जलमभर काय उपसलं त्या मानसानं?"
पाटाच्या पाण्याने आमच्या दोन एकरांत मीठ फुटलं होतं. उन्हाळ्यात शेत पांढरंफटक. अण्णांनी चर खणले, शेणखत ओतलं, दरवर्षी नवं काहीतरी. जमीन काही सुधारली नाही. त्याच शेतात मी वाढले, आणि मीच त्यांच्या उरावर टाकायला मीठ पाठवलं. इतकी लाज कधी वाटली नव्हती. आईने पिशवी अंगणातही सांडू दिली नाही. दादा नदीत टाकून आला.

१५ नोव्हें.
लिसी (ड्यूटीला माझ्याबरोबर असते, केरळची) विचारते, रोज तिथे कुणाला शोधतेस? म्हटलं, गुडघ्यांसाठी चालते. तिला पटलं नाही. नसू दे.

१९ नोव्हें.
भरती येत होती. अण्णा वाळूत दारं धरत होते. वाफ्याला पाणी द्यावं तसं फावड्याने वळवायचं, बांध घालायचा, लाट आली की मोडला. पुन्हा घालायचा.
मी ओरडले, "अण्णा, ह्ये पाटाचं पानी न्हाई!"
कुत्रेवाला वळून बघायला लागला. सॉरी म्हटलं.
भीती नाही वाटली. बरं वाटलं, खरं तर. बेलापूरला गेले की तो ढीग बघावा लागेल, आणि एकदा बघितला की अण्णा इथे यायचे नाहीत. म्हणून तिकीट काढत नाही. बाकी सगळ्या सबबी.

२२ नोव्हें.
दादाला मेसेज केला, माझ्यासाठी थांबू नका, बांधून घ्या. उत्तर नाही. दिवसभर फोन हातात.

१४ डिसें., रविवार
आईचा फोन. कबरस्तानातूनच, मागे पोरांची क्रिकेटची ओरड.
"बांधली गं. पर उशापाशी ईतभर उघडं ठिवलंय. तुझ्या मुठीपुरतं."
"बरं केलंस."
"बरं कशाचं! दर ऐतवारी तुझ्या नावानं मूठ टाकते, पुढच्या ऐतवारी पुन्हा खड्डा. गवंडी म्हनतो, आसं कवा बगितलं न्हाई. माझी बी कंबर आता वाकत न्हाई."
मग तिने पोरांना लांब हाकललं.
"मोने, त्यो तिकडं आलाय का गं?"
मी कुणाला सांगितलं नव्हतं. लिसीला नाही, दादाला नाही. म्हटलं, जेवलीस का? आईने काय ते ओळखलं.
"आला आसंल तर सांग त्याला. म्हनावं, हितं जागा भरना."

दोनला भरती आहे. कोट घालून कधीची बसलेय. जा म्हणून सांगायचं, तेही मीच, माझ्या तोंडाने...